माव्याची पुडी सापडली म्हणून मुलाला मंडळातून काढायचं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना माझ्याच मंडळाची जुनी गोष्ट वाचतोय असं वाटलं.

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावात तुमचं कबड्डी मंडळ आहे, ४० मुलं आणि १५ मुली सरावाला येतात. गेल्या महिन्यात एका सोळा वर्षांच्या चांगल्या चढाईपटूच्या खिशात माव्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटलेल्या मिश्रणाची, पुडी सापडली. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, त्याला काढून टाका म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल, आणि एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवा. तुमचं मन त्याला तयार नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की मुलांच्या आरोग्यासाठी मंडळानं नेमकं करायचं तरी काय.

मी २६ वर्षं कबड्डी शिकवतोय. आधी शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून, आता निवृत्तीनंतर मंडळात. व्याख्यानं मीही भरपूर ठेवली. सतरंज्या अंथरल्या, पाहुण्यांना नारळ दिला, पोरांना पुढे बसवलं. पोरं गप्प बसतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. डॉक्टर वाईट बोलतात असं अजिबात नाही. पण डॉक्टर मुलाला वर्षातून एक तास भेटतो आणि तुम्ही आठवड्यातून सहा दिवस, रोज दीड-दोन तास. मुलगा काय पितो, कधी थकतो, कोणाबरोबर घरी जातो, कोणावर चिडतो हे त्याच्या वडिलांच्याही आधी तुम्हाला कळतं. म्हणून खरा प्रश्न व्याख्यान ठेवायचं की नाही हा नाहीच. तुमच्या मैदानावरचे रोजचे दोन तास मुलाच्या तब्येतीला काय देतात आणि तिच्यातून काय काढून घेतात, हा तुमचा प्रश्न आहे, असं मला वाटतं.

एक आधीच सांगतो. मी लिहितोय ते कृष्णाकाठच्या गावातल्या मातीच्या मैदानावरच्या अनुभवातून. तुमच्याकडे मॅट असेल, मुलं दहा किलोमीटरवरून एसटीनं येत असतील, मंडळात एकही बाई प्रशिक्षक नसेल, किंवा मंडळ एखाद्या पुढाऱ्याच्या वर्गणीवर चालत असेल, तर काही गोष्टी बदलतील. जिथे बदलतील तिथे तसं सांगत जाईन.

आधी त्या मुलाबद्दल. त्याला काढू नका.

काढलेला मुलगा संध्याकाळी साडेपाचला जातो कुठे? टपरीवर. दोन तास मोकळे, सोबतीला मोठी पोरं, खिशात तीच पुडी. मी एकाला असं काढलं होतं. जरब बसली, हे खरं. बाकीची पोरं पुड्या खिशाऐवजी सायकलच्या सीटखाली ठेवायला लागली. काढलेला पोरगा पुन्हा कधी खेळला नाही. आज तो भेटतो तेव्हा त्याचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, भाकरीचा घास बारीक करून घालावा लागतो. त्यातला माझा वाटा मला माहीत आहे, म्हणूनच एवढं ठासून सांगतोय.

त्याला सराव संपल्यावर एकट्याला थांबवा, पण चारचौघांच्या नजरेसमोर, म्हणजे मैदानाच्या कडेला, बाकीची पोरं पाणी पीत असतील तेव्हा. रागावू नका. तीन गोष्टी विचारा: कधीपासून, दिवसाला किती पुड्या, आणि पहिली कोणी दिली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "मोठ्या भावाच्या मित्रानं" किंवा "मॅच जिंकल्यावर" असं येतं. दुसऱ्याचं उत्तर तो निम्मं करून सांगेल, तेही चालेल.

मग त्याला स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघायला सांगा. तीन बोटं सहज गेली तर ठीक. अडकली, किंवा तिखट खाल्ल्यावर तोंड जळतं म्हणाला, किंवा गालाच्या आत पांढुरकं दिसलं, तर त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडे न्या. स्वतः बरोबर जा. तोंड आखडायला तंबाखूच लागते असं नाही, सुपारीनंही आखडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागानं २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलंय. "सर, मी तंबाखू नाही खात, फक्त गोड सुपारी" हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल, तेव्हा ही गोष्ट हाताशी असू द्या.

सोडण्याचा दिवस त्यालाच ठरवू द्या. तो दिवस सामन्याच्या आठवड्यात नको, कारण पहिला आठवडा चिडचिडीचा असतो. झोप उडते, डोकं दुखतं, सरावात तो उगाच कोणाशी तरी भांडेल. हे होणार आहे असं त्याला आणि कर्णधाराला आधीच सांगून ठेवा. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढी मिनिटं निघाली की उतरते. आमच्याकडे त्यासाठी बडीशेप आणि भाजलेले जवस, आणि एक ठरलेला मित्र, ज्याला त्या क्षणी फोन करायचा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. पहिला फोन मी माझ्यासमोर लावायला लावतो, कारण एकट्यानं लावायला पोरं लाजतात. पुन्हा खाल्ली तर? खातील. माझी बहुतेक पोरं दोन-तीन वेळा घसरली. घसरला की नवीन तारीख. सराव मात्र चालूच.

तो विकत कुठून घेतो तेही बघा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर समोरच घोटून मिळतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. टपरीवाला बहुधा गावातलाच, ओळखीचा असतो. आधी चार वडीलधारी माणसं जाऊन समजावतील तर उत्तम. नाहीच ऐकलं तर पोलीस पाटील. आमच्याकडे समजावण्यावरच भागलं, कारण त्याचा पुतण्याही मंडळात खेळत होता.

आता अवघड भाग. तुमच्या मैदानाच्या कडेला मोठी माणसं तंबाखू मळतात का? आमच्याकडे मैदानाच्या पूर्वेला एक कट्टा होता. जुने खेळाडू तिथे बसून सराव बघायचे, तळहातावर चुना लावून मळायचे आणि तिथूनच ओरडायचे, "अरे, कोपरा झोपला काय!" सगळे प्रेमळ. मंडळासाठी रात्रीचा दिवस करणारे. बारा वर्षांचं पोर खेळ शिकतं त्या माणसांकडे बघून, आणि खेळाबरोबर तो तळहातही बघतं. मी स्वतः त्या काळात भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावायचो, सकाळी दात घासायला म्हणून. एका सातवीतल्या मुलीनं विचारलं, "सर, तुमचे दात असे का?" त्या दिवसापासून बंद केली. सोपं गेलं नाही, चार महिने लागले.

म्हणून नियम करायचा तो मैदानाचा करा, मुलाचा नको. चुन्याची रेषा जिथे संपते तिथून पाच पावलं बाहेरपर्यंत कोणीही काही खाणार नाही, थुंकणार नाही. प्रशिक्षक, पंच, उद्घाटनाला आलेले पाहुणे, सगळ्यांना तोच नियम. जुन्या लोकांना तो बैठकीत सांगू नका, एकेकाच्या घरी जाऊन सांगा. चारचौघांत सांगितलेलं त्यांना टोचतं. घरी सांगितलेलं ते मनावर घेतात आणि पुढे तेच राखणदार होतात. मंडळ पुढाऱ्याच्या पैशावर चालत असेल तर हे सावकाश होईल, हे मान्य. पण एका गोष्टीवर अडून बसा: पानमसाल्याच्या जाहिरातीचा टी-शर्ट मुलांच्या अंगावर चढता कामा नये. आम्ही एका वर्षी अशी देणगी परत केली आणि जुन्याच टी-शर्टांवर खेळलो. पोरांना वाईट वाटलं, पण का परत केली ते त्यांना नीट कळलं होतं.

पुडीपेक्षा मोठी गोष्ट मी फार उशिरा शिकलो. ती म्हणजे कडेला बसलेली पोरं.

तुमच्याकडे ४० मुलं आहेत. संघात १२, मैदानावर ७. उरलेली २८ मुलं दीड तास काय करतात, हे एक संध्याकाळ नुसतं बघा. मी एकदा एका राखीव मुलाच्या मागे घड्याळ लावून बसलो. वॉर्म-अप, चार चढाया, आणि नंतर पाण्याच्या टाकीला टेकून उभा. दीड तासात तो पुरता अर्धा ताससुद्धा हलला नव्हता. घरी मात्र सगळ्यांना वाटत होतं की पोरगं रोज खेळायला जातं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस. २०१६ च्या त्यांच्याच पाहणीत जगभरातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं त्यात कमी पडली होती. मैदानावर येऊनही आपली निम्मी मुलं त्या ८१ टक्क्यांतच राहत असतील तर आपण करतोय काय?

शिवाय कडेला बसलेला मुलगा चौदा-पंधराव्या वर्षी यायचा थांबतो. तो "खेळ सोडला" असं कधी सांगत नाही. आधी मंगळवारी येत नाही, मग आठवडाभर नाही, मग दिसतच नाही. आपणही त्याला शोधायला जात नाही, कारण तो संघात नव्हता. ज्याला व्यायामाची, सोबतीची, कोणीतरी लक्ष ठेवण्याची सगळ्यात जास्त गरज असते तोच असा निसटतो.

आम्ही इलाज केला तो साधा. मुख्य मैदानाच्या शेजारी अर्ध्या मापाची दोन मैदानं आखली, चुन्याचा खर्च तेवढा वाढला. त्यांवर चार विरुद्ध चार. प्रत्येकानं चढाई करायचीच, एकानं सलग दोन करायच्या नाहीत. जिल्ह्याचा संघ मुख्य मैदानावर फक्त तीन दिवस वेगळा सराव करतो, उरलेल्या तीन दिवशी सगळे एकत्र. बाद झालेला मुलगा बसून राहत नाही, दहा बैठका मारून परत आत येतो. आणि हजेरीच्या वहीत मी एक रकाना वाढवला: सलग तीन दिवस न आलेल्याच्या घरी कर्णधारानं जाऊन यायचं. विचारायचं एवढंच, "बरा आहेस ना?" जागा कमी असेल तर गट पाडून वेळा वेगळ्या करा. एकट्याला सगळं झेपत नसेल तर जुन्या खेळाडूंतला एखादा पंचविशीचा मुलगा हाताशी घ्या. कट्ट्यावर बसणाऱ्यांना काम मिळालं की कट्टाही रिकामा होतो.

दहावीचं वर्ष आलं की पालक खेळ बंद करतात. त्यांच्याशी वाद घालू नका. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, आणि साडेसहाला घरी. एवढं कबूल केलं की दहापैकी सात-आठ पालक माझ्याकडे तयार होतात. पूर्ण बंद झालेला मुलगा अकरावीत परत येत नाही.

आता मुली. तुम्ही १५ मुली आहेत असं एका ओळीत लिहून पुढे गेलात, म्हणून इथे थोडा थांबतो.

माझ्या संघात उजव्या कोपऱ्याला खेळणारी एक मुलगी होती, नववीतली. पकडीला वाघीण. पण दुसऱ्या डावात तिचे पाय जड व्हायचे, चढाईत दम तुटायचा. मी दोन महिने तिच्यावर ओरडत होतो, "दम वाढव, पळायला ये सकाळी." ती बिचारी सकाळीही यायची. एके दिवशी आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका, काही कामानं मैदानावर आल्या. त्यांनी तिला जवळ बोलावलं, डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, ही पोर पांढरीफटक आहे." प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.१. तिच्या वयाला ते निदान १२ हवं. त्या रक्तावर ती मुलगी दुसऱ्या डावापर्यंत उभी राहत होती, आणि मी तिला आणखी पळवत होतो.

हे अपवादाचं उदाहरण नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघालं. तुमच्या १५ मुलींपैकी कितीजणी असतील याचा अंदाज करा. चिन्हं मैदानावर दिसतात: लवकर धाप, चक्कर, पायात गोळे, चिडचिड, बर्फ किंवा माती-खडू खावासा वाटणं. तेव्हा वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, आरोग्य केंद्राशी बोलून सगळ्या मुलामुलींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलांचंही, त्यांच्यातही कमी निघतं. पैसे लागत नाहीत, आठवडाभर आधी जाऊन सांगावं लागतं एवढंच.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, आणि १० फेब्रुवारी व १० ऑगस्टला जंताची गोळी. मुली ती निळी गोळी घेऊन खिडकीतून टाकतात, कारण पोटात मळमळतं आणि शौचाला काळं होतं. त्यांना सांगा: काळं होणं म्हणजे बिघाड नाही. गोळी उपाशीपोटी नको, चहाबरोबर तर नकोच, जेवणानंतर लिंबाच्या फोडीबरोबर घ्या. माझ्या त्या कोपऱ्याच्या मुलीला डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या. साडेतीन महिन्यांनी ती दुसऱ्या डावात तशीच पळत होती जशी पहिल्यात. तिची मी माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "सर, मला वाटायचं मीच आळशी आहे."

पोटातही काहीतरी असावं लागतं. धाराशिवची सारिका काळे, जिच्या नेतृत्वाखाली भारतानं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण जिंकलं आणि जिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तिनं स्वतः सांगितलंय की कित्येक वर्षं तिच्या घरी एकवेळचंच जेवण मिळायचं. तशी मुलं आपल्याकडेही येतात आणि सांगत नाहीत. आम्ही वर्गणीतून सरावानंतर प्रत्येकाला मूठभर भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एक केळं देतो. सगळ्यांना सारखं, म्हणजे कोणाला ते मदत म्हणून घ्यावं लागत नाही. अंडी परवडली तर त्याहून बरं. प्रोटीनचे डबे मात्र मी मैदानावर येऊ देत नाही. त्या पैशात महिनाभर अंडी आणि मटकीची उसळ होते.

पाळीबद्दल तुम्ही स्वतः बोलायचं की नाही हे तुमच्या गावावर आणि तुमच्या वयावर अवलंबून आहे. मी थेट बोलत नाही. आमच्या जुन्या खेळाडूंपैकी एक ताई, जी आता लग्न होऊन गावातच आहे, ती आठवड्यातून दोन दिवस येते. मंडळाच्या खोलीत पॅडचा पुडा कपाटात असतो, किल्ली मुलींच्या कर्णधाराकडे. "आज बरं वाटत नाही" एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारायचा नाही, आणि खेळायचं म्हटलं तर अडवायचंही नाही. एखादीची पाळी तीन महिने आली नाही आणि ती वजन उतरवत असेल, तर मात्र डॉक्टर. ताईला तेवढं माहीत असलं पाहिजे. मुली टिकतात की नाही हे खरं तर दोन गोष्टींवर ठरतं: दार लागणारं शौचालय आहे का, आणि अंधार पडायच्या आत त्या घरी पोचतात का. या दोन्ही नसतील तर बाकी सगळं नंतर करा, आधी हे.

वजनाबद्दल. किशोर आणि कुमार गटात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, आणि निवड चाचणीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या खेळात काय काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. उपाशी ठेवणं, पाणी तोडणं, रेनकोट घालून उन्हात पळवणं, जुलाबाच्या गोळ्या. मी हे केलंय. चौदा वर्षांच्या मुलाला चार दिवसांत तीन किलो उतरवायला लावलं. तो वजनात बसला, आणि दुसऱ्या चढाईत मध्यरेषेजवळ कोसळला. ओठ फुटलेले, हात गार. रुग्णालयात सलाईन लावल्यावर तासाभरानं त्यानं पहिलं विचारलं, "सर, आपण जिंकलो का?" त्यानंतर माझ्या मंडळात वाढत्या वयाच्या एकाही मुलाचं वजन स्पर्धेसाठी उतरवलं गेलं नाही. बसत नसेल तर तो वरच्या गटात खेळेल, किंवा त्या वर्षी राखीव राहील. एखादा मुलगा खरोखर स्थूल असेल तर तो विषय वेगळा. त्याला सावकाश, डॉक्टरांना विचारून, आणि त्याच्या आईला भेटून.

काही गोष्टी भराभर सांगतो. सरावात पाणी तोडणं ही जुनी समजूत आहे, सोडून द्या. दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी प्यायचं. उन्हाळ्यात एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू, मापं चहाच्या चमच्याची. डोक्याला मार लागून मुलगा गोंधळला, ओकला किंवा क्षणभर जरी भान गेलं, तर त्या दिवशी तो परत आत जाणार नाही, अंतिम सामना असला तरी. गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर दुखतंय म्हणणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा नाटक करत नसतो. उंची झपाट्यानं वाढताना तिथे खरंच दुखतं, उड्या आणि बैठका कमी करा. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ते लहान मुलांसाठी नाही, ते अक्षर पोरांनाच मोठ्यानं वाचायला लावा. आणि झोप: या वयाला आठ ते दहा तास लागतात. रात्री एकपर्यंत प्रकाशझोतात सामने खेळवून सकाळी पाचला मैदानावर बोलावणं ही शिस्त नव्हे. मी सकाळचा सराव बंद करून संध्याकाळी नेला, दुखापती कमी झाल्याचं मला तरी स्पष्ट दिसलं.

इतकं वाचून वाटेल की सर बोलणं नकोच म्हणतात. तसं नाही. थोडक्यात म्हणायचं तर आधी मैदानाची रीत बदला, सगळ्यांना खेळवा, मुलींसाठी शौचालय आणि वेळ बघा, रक्त तपासा. मग बोला, म्हणजे बोलण्याला वजन येतं. मुंबईत पंधराएक वर्षांपूर्वी 'परिवर्तन' नावाचा उपक्रम झाला होता. त्यात क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार करून मुलांशी मुलींना मान देण्याबद्दल, रागाबद्दल, मारहाणीबद्दल बोलायला लावलं. मूळ कल्पना अमेरिकेतल्या शाळांची, तिथे प्रशिक्षक हंगामभर आठवड्याला पंधरा मिनिटं बोलत. पुढे गोवंडीच्या शिवाजीनगरात तोच धागा धरून मुलींसाठी कबड्डी सुरू केली. मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटली: बोलणारा रोजचा माणूस हवा, आणि बोलणं लहान हवं.

आम्ही शनिवारी सराव संपल्यावर गोल बसतो, दहा मिनिटं. एक शनिवार, एक विषय. मी सुरुवात प्रश्नानं करतो. "पराभवानंतर घरी गेल्यावर पहिला राग कोणावर निघतो?" एकदा हे विचारलं तर बराच वेळ कोणी बोललं नाही, मग एक दांडगा पोरगा मातीत रेघोट्या ओढत म्हणाला, "आईवर." त्या दिवशी मी पुढे काहीच शिकवलं नाही. पोरंच बोलली.

आपण डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही, हे मात्र विसरू नका. एखादा मुलगा गप्प गप्प व्हायला लागला, जेवण-झोप सुटली, "जगून काय करायचं" असं बोलला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, आणि टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर लावून द्या, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशकांना एकदा मैदानावर बोलवा, म्हणजे पोरांना चेहरा ओळखीचा होतो. मुलाला किंवा मुलीला कोणी लैंगिक त्रास देत असल्याचं कळलं, मग तो आपल्यातलाच कोणी का असेना, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मंडळाच्या अब्रूसाठी ते दाबायचं नाही. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर आहे. आणि नियम आधीच करा: बाहेरगावी जाताना दोन मोठी माणसं, मुली असतील तर त्यातली एक बाई, आणि कोणत्याही प्रशिक्षकानं रात्री मुलांना खासगी मेसेज करायचे नाहीत. हा नियम मलाही लागू आहे.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका, दमाल. माझ्याकडे याला अकरा वर्षं लागली आणि अजून शौचालयाला कडी नीट लागत नाही, ती या महिन्यात करायची आहे. तुम्ही उद्यापासून दोनच गोष्टी करा. हजेरीच्या वहीत राखीव मुलांची नावं वेगळ्या शाईनं लिहा, आणि कोण किती वेळ हलतं ते आठवडाभर बघा. दुसरं, तो मुलगा उद्या सरावाला आला नाही, आणि काढणार आहेत हे कानावर गेल्यामुळे कदाचित येणारही नाही, तर त्याच्या घरी जा. आल्यावर पहिली चढाई त्यालाच करू द्या. सराव संपला की थांबवून घ्या आणि ते तीन प्रश्न विचारा. त्यानं सोडायची तारीख सांगितली की वहीत लिहून ठेवा, आणि महिन्याभरानं काय झालं ते इथे कळवा. घसरला असेल तरीही कळवा, पुढचं आपण मिळून बघू.